भर पावसात घराबाहेर: दूरच्या महाविद्यालयात दाखल होण्याची पूर्वतयारी

उच्च शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या विद्यार्थ्याचा महाविद्यालयात व वसतिगृहात दाखल होण्याचा दिवस वरकरणी एका दिवसाचा प्रसंग वाटत असला, तरी तो तीन निरनिराळ्या वेळापत्रकांवर अवलंबून असतो आणि ती वेळापत्रके ठरवणाऱ्यांचा परस्परांशी काहीही संबंध नसतो. पहिले वेळापत्रक प्रवेशफेऱ्यांचे, जे दिल्ली किंवा मुंबईतील यंत्रणा ठरवतात. दुसरे प्रवासाचे, ज्यावर जुलै-ऑगस्टमधील पावसाची सत्ता चालते. आणि तिसरे दाखल्यांचे, जे तलाठी, मामलेदार व उपजिल्हाधिकारी यांच्या कार्यालयांतून आपल्या गतीने पुढे सरकते. डिचोली तालुक्यात, महाराष्ट्राच्या दोडामार्ग तालुक्याच्या सीमेलगत वसलेल्या लाटंबार्सेसारख्या गावातून पुणे, सुरतकल, नागपूर किंवा दिल्ली येथे मुलाला वा मुलीला पाठवणाऱ्या कुटुंबाला ही तिन्ही वेळापत्रके एकाच वेळी सांभाळावी लागतात, आणि घरातून यापूर्वी कोणी बाहेर शिकायला गेलेले नसेल, तर नेमके कोठे अडते याची कल्पना ऐनवेळीच येते. म्हणून या दिवसाची तयारी म्हणजे बॅगा भरणे नव्हे. बॅगा भरणे हा तिचा सर्वांत सोपा आणि सर्वांत शेवटचा भाग आहे.

गोव्याच्या या पट्ट्याला शिक्षणासाठी घर सोडणे नवे नाही. डिचोली, पेडणे व सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलेल्या ‘नव्या काबिजादीं’पैकी, म्हणजे जुन्या गोव्याला नंतर जोडलेल्या मुलखापैकी असल्यामुळे येथील मराठी घरांचा सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर आणि मुंबई यांच्याशी असलेला संबंध राज्यकर्ते बदलल्यानंतरही टिकून राहिला. पणजीतील वैद्यकीय विद्यालय १८४२ पासून चालत आले असले, तरी कला किंवा विज्ञान शाखेची पदवी देणारे महाविद्यालय गोव्यात १९६१ च्या मुक्तीपर्यंत नव्हते. पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही दोन्ही महाविद्यालये १९६२ मध्ये सुरू झाली आणि गोवा विद्यापीठ तर १९८५ मध्ये. त्याआधीच्या पिढ्यांना पदवी हवी असेल, तर सीमा ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्या पिढ्यांतील सर्वांत ठळक उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे आहे. साष्टीतील सांखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले कोसंबी १८९९ मध्ये संस्कृत शिकण्यासाठी घर सोडून पुण्याला गेले, तेथून ग्वाल्हेर आणि मग काशी गाठली, काशीत अन्नछत्रात जेवून शिक्षण केले आणि पुढे बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी १९०२ मध्ये श्रीलंकेत पोहोचले. ही सारी वाटचाल त्यांनी ‘निवेदन’ या आत्मवृत्तात नोंदवली आहे. अन्नछत्र म्हणजे धर्मादाय निधीतून चालणारे मोफत भोजनगृह. याच काळात महाराष्ट्रात गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी ‘वार लावणे’ ही पद्धतही रूढ होती, जिच्यात आठवड्याच्या प्रत्येक वारी एकेका घरी जेवणाची सोय ठरलेली असे. या दोन्ही सोयींचा लाभ जातीच्या चौकटीत अडकलेला होता, आणि म्हणूनच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १८ एप्रिल १९०१ रोजी सुरू केलेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व त्यामागोमाग निरनिराळ्या समाजांसाठी उभी राहिलेली वसतिगृहे यांचे महत्त्व मोठे आहे. कोल्हापूरला ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते या परंपरेमुळे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले, तर पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती आजही ग्रामीण भागातून आलेल्या गरजू मुलामुलींच्या राहण्याजेवणाची व्यवस्था अल्प खर्चात करते.

या संस्थांनी केवळ छप्पर दिले असे नव्हे, तर पहिल्या दिवसाचा भार स्वतःच्या अंगावर घेतला, ही गोष्ट विसरली जाते. गावातून आलेल्या मुलाला कोठे उतरायचे, कोणाला भेटायचे, जेवण कोठे मिळेल आणि पैसे संपले तर काय करायचे, या चारही प्रश्नांची उत्तरे बोर्डिंगच्या दारात एकाच माणसाकडे मिळत असत. मुंबईत कोकणातील गावांनी गिरणगावात वर्गणीतून घेतलेल्या गावकीच्या खोल्या आणि गोव्यातील ख्रिस्ती गावांनी धोबीतलाव व माझगाव परिसरात चालवलेले ‘कूड’, म्हणजे गावाच्या नावाने चालणारी सामायिक निवासस्थाने, मुख्यतः कामगारांसाठी व खलाशांसाठी असली, तरी नव्याने आलेल्याला पहिला आसरा देण्याचे काम त्यांनीही केले. आज महाविद्यालये पुष्कळ वाढली आणि प्रवास सोपा झाला, पण दाखल होण्याच्या दिवसाचा भार मात्र एकेकट्या कुटुंबावर आला आहे.

प्रवेशफेऱ्यांचे वेळापत्रक आधी समजून घ्यावे लागते, कारण तारीख तेथून येते. आयआयटी, एनआयटी व त्यांच्यासारख्या केंद्रीय अर्थसाहाय्य मिळणाऱ्या तांत्रिक संस्थांतील जागांचे वाटप ‘जोसा’ ही संयुक्त यंत्रणा साधारणपणे जून-जुलैत अनेक फेऱ्यांमध्ये करते. पहिल्या फेरीत जागा मिळालेल्या उमेदवाराला तीन पर्याय असतात: ‘फ्रीझ’ म्हणजे मिळालेली जागा कायम करून पुढील फेऱ्यांतून बाहेर पडणे, ‘फ्लोट’ म्हणजे जागा हातची न सोडता कोणत्याही संस्थेतील अधिक पसंतीच्या जागेची वाट पाहणे, आणि ‘स्लाइड’ म्हणजे त्याच संस्थेत अधिक पसंतीच्या शाखेची वाट पाहणे. या तीन शब्दांवर प्रवासाचे सारे नियोजन अवलंबून असते. ‘फ्रीझ’ किंवा ‘स्लाइड’ निवडणाऱ्याचे गाव ठरलेले असते आणि त्याला तिकीट काढता येते. ‘फ्लोट’ निवडणाऱ्याचे गाव मात्र पुढच्या फेरीत सुरतकलहून वारंगळला किंवा नागपूरहून भोपाळला सरकू शकते, म्हणून त्याने परतावा न मिळणारे तिकीट काढणे अथवा खासगी वसतिगृहाला आगाऊ रक्कम देणे म्हणजे पैसे पाण्यात घालण्यासारखे आहे. वैद्यकीय शाखेची स्थिती याहून अवघड असते, कारण ‘नीट’ परीक्षेनंतरच्या अखिल भारतीय कोट्यातील फेऱ्यांमध्ये जागा जाहीर झाल्यावर मोजक्या दिवसांच्या मुदतीत मूळ कागदपत्रांसह प्रत्यक्ष महाविद्यालयात हजर व्हावे लागते आणि त्या मुदतीत गोव्याहून आसाम किंवा बिहार गाठायचे असू शकते. प्रवेश घेऊन नंतर दुसरीकडे जागा मिळाल्यास शुल्क बुडते, ही भीतीही पालकांना असते. त्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे धोरण विद्यार्थ्याच्या बाजूचे आहे. २०२४-२५ या वर्षासाठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उरलेले शुल्क परत करावे, असे आयोगाने बजावले होते. अशा तारखा त्या त्या वर्षी जाहीर होतात आणि पैसे भरण्याआधी त्या पाहून घेणे हिताचे असते.

सीमेवरच्या गावाला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. लाटंबार्सेहून दोडामार्गची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे, नातीगोती दोन्हीकडे आहेत, आणि तरीही प्रवेशाच्या हिशेबात एका बाजूचा विद्यार्थी गोव्याचा तर दुसऱ्या बाजूचा महाराष्ट्राचा असतो. महाराष्ट्राच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत गोव्याचा रहिवासी हा राज्याबाहेरचा उमेदवार ठरतो, त्यामुळे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याला मिळू शकणाऱ्या जागा दोडामार्गच्या वर्गमित्रापेक्षा फारच कमी असतात. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषक विद्यार्थ्यांना महाराष्ट्र शासन काही सवलती देते. त्या सवलती गोव्याच्या सीमेवरील गावांना लागू नाहीत, आणि या दोन सीमांची गल्लत झाल्यामुळे अर्ज भरताना चुकीचा रकाना निवडला जाण्याचा संभव असतो.

दाखल्यांचा विषय विस्ताराने सांगावा लागतो, कारण दूरच्या महाविद्यालयात जाऊन अडकलेला विद्यार्थी बहुधा एखाद्या कागदासाठी अडकलेला असतो आणि तो कागद डिचोलीत मिळणारा असतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला व चारित्र्याचा दाखला शाळेतून मिळतात. स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे एका मंडळाकडून दुसऱ्या राज्यातील विद्यापीठाकडे जाण्यास हरकत नसल्याचा कागद, गोवा शालान्त मंडळाच्या पर्वरी येथील कार्यालयातून घ्यावा लागतो. गोव्यात १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला मामलेदार देतात, तर जातीचे प्रमाणपत्र उपजिल्हाधिकारी कार्यालयाकडून मिळते. इतर मागासवर्गीयांतील उमेदवारांची सर्वाधिक फसगत होते ती नमुन्याबाबत: राज्याच्या कामासाठी दिलेले प्रमाणपत्र केंद्रीय संस्थेत चालत नाही, तेथे केंद्र शासनाच्या नमुन्यातील उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र लागते, शिवाय ते त्याच वर्षाच्या १ एप्रिलनंतर दिलेले असावे लागते. हीच तारखेची अट आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रालाही असते. याचा सरळ अर्थ असा की हे काम मार्चमध्ये करून उपयोग नाही आणि जुलैपर्यंत थांबून चालत नाही. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज देणे आणि मे अखेरीपर्यंत कागद हातात घेणे हाच त्याचा योग्य काळ आहे. निकाल लागल्यानंतर साऱ्या तालुक्याचे विद्यार्थी त्याच कार्यालयात खेटे घालू लागतात.

कागदांची फाइल कशी लावावी हेदेखील सांगण्याजोगे आहे, कारण पडताळणीच्या टेबलावर विद्यार्थ्याला मिळतात ती चार-पाच मिनिटे. सर्वांत वर जागावाटपाचे पत्र आणि शुल्क भरल्याची पावती, त्याखाली परीक्षेचे प्रवेशपत्र व गुणपत्रक, मग दहावी, बारावी, शाळेचे दाखले, वास्तव्य, जात, उत्पन्न आणि शेवटी वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, असा क्रम महाविद्यालयाने पाठवलेल्या यादीप्रमाणे लावावा आणि प्रत्येक मूळ कागदामागे त्याच्या तीन साक्षांकित प्रती ठेवाव्यात. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत, प्रती वेगळ्या पिशवीत, आणि साऱ्यांची छायाचित्रे डिजिलॉकरमध्ये किंवा घरच्या कोणाच्या तरी फोनवर असावीत. मूळ कागद असलेली पिशवी मोठ्या बॅगेत न टाकता पालकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या अंगावरच्या पाठपिशवीत असावी. मूळ प्रमाणपत्रे पडताळून लगेच परत करावीत, ती अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही एखाद्या ठिकाणी ती ठेवून घेतली गेली, तर कागदांची यादी असलेली सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. नावातील फरकाकडे आधीच लक्ष द्यावे: गोव्यात आडनाव, वडिलांचे नाव आणि गावाचे नाव यांचे रोमन लिपीतील लेखन दोन कागदांवर दोन प्रकारचे असणे सर्रास आढळते, आणि घरी क्षुल्लक वाटणारा हा फरक परक्या गावी प्रतिज्ञापत्राची मागणी ओढवून घेतो.

पैशांबाबत थोडक्यात सांगता येईल. शिक्षण संस्थांना यूपीआयद्वारे एका व्यवहारात ५ लाख रुपयांपर्यंत भरणा करता यावा, अशी मुभा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केली, पण बँकेची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असू शकते, म्हणून निघण्यापूर्वी शाखेत विचारून घ्यावे. गोवा शैक्षणिक विकास महामंडळाच्या व्याजमुक्त कर्जयोजनेचा किंवा बँकेच्या कर्जाचा आधार घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की प्रवेशपत्र व शुल्कतक्ता हाती आल्यानंतरच अशा कर्जाची पुढची कार्यवाही होते आणि वसतिगृहाची अनामत रक्कम त्याआधी भरावी लागू शकते; तेवढी पदरमोड करण्याची तयारी हवी.

आता प्रवास. जुलै-ऑगस्ट हे महाविद्यालये सुरू होण्याचे महिने आणि तेच कोकणातल्या घाटांना सर्वांत कठीण असलेले महिने. लाटंबार्सेहून बाहेर पडण्याचे मार्ग मोजके आहेत: साखळी-केरीवरून चोर्ला घाटाने बेळगाव, दोडामार्गवरून तिळारीच्या घाटाने चंदगड, सावंतवाडीवरून आंबोलीने निपाणी, आणि रेल्वेने थिवी, पेडणे किंवा सावंतवाडी रोड स्थानकावरून कोकण रेल्वे. मुसळधार पावसात दरड कोसळली की घाटरस्ता काही तास ते काही दिवस बंद पडतो. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून या पट्ट्याचे चित्र पालटले, पण पावसाळ्यात तिच्याही गाड्या वेगळ्या वेळापत्रकाने आणि कमी वेगाने धावतात; अनेक वर्षे हे पावसाळी वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असे, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे आखडण्यात आले. अतिवृष्टीत दृष्टी पोहोचेनाशी झाली, तर चालकांना वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत उतरवण्याची सूचना असते. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत कोसळली आणि जुलै २०२४ मध्ये याच परिसरातील बोगद्यात पाणी व चिखल शिरला, तेव्हा गाड्या रद्द कराव्या किंवा दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. कुळे ते कॅसलरॉक हा लोंढ्याकडे जाणारा दुसरा लोहमार्गही अशाच पावसाच्या डोंगरातून चढतो.

यावरून एकच व्यवहार्य नियम निघतो आणि तो कितीही साधा वाटला तरी सर्वांत जास्त वेळा मोडला जातो: हजर होण्याच्या दिवशी सकाळी पोहोचेल अशा गाडीने जाऊ नये. पुणे, कोल्हापूर, बेळगाव यांच्यासाठी किमान एक पूर्ण दिवस आणि दिल्ली, वाराणसी, गुवाहाटी यांच्यासाठी किमान दोन दिवस हाताशी ठेवून पोहोचावे. एक रात्र लॉजवर राहण्याचा खर्च वाचवण्यासाठी रातोरात प्रवास करून थेट पडताळणीच्या रांगेत उभे राहण्याची प्रथा आहे. ती गाडी सहा तास उशिरा पोहोचली, तर वाचवलेल्या पैशांच्या अनेक पट किंमत मोजावी लागते. रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली असल्याने, ज्यांची संस्था आधी ठरली आहे त्यांनी तारीख जाहीर होताच साठाव्या दिवसाकडे लक्ष ठेवावे. ज्यांची संस्था ठरलेली नाही, त्यांच्यापुढे तत्काळ आरक्षणाचा मार्ग असतो, जे गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० ला आणि इतर वर्गांसाठी ११ ला खुले होते. तत्काळचे निश्चित झालेले तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत. पहाटेची किंवा मध्यरात्रीची गाडी असेल, तर लाटंबार्सेहून स्थानकापर्यंत जायला त्या वेळी बस नसते, म्हणून गाडीवाल्याशी आदल्या दिवशी पक्के बोलून ठेवणे हाही नियोजनाचाच भाग आहे.

विमानाचा पर्याय या भागाला अलीकडे जवळचा झाला. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. डिचोलीच्या उत्तरेकडील गावांना दाबोळीपेक्षा मोपा सोयीचे पडते. दिल्लीसारख्या लांबच्या ठिकाणी जाताना रेल्वेतील दोन दिवसांचे जेवण आणि शीण जमेस धरल्यास लवकर काढलेले विमानाचे तिकीट फारसे महाग पडत नाही, परंतु देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो सामान आणि ७ किलो हातातली बॅग एवढीच मुभा असते. काही कंपन्या विद्यार्थी सवलतीखाली १० किलोपर्यंत जादा सामान नेऊ देतात. रेल्वेत शयनयान व वातानुकूलित तृतीय वर्गात माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते.

एवढे सामान नेता येते म्हणून ते न्यावे असे मात्र नाही. गादी, उशी, बादली, खुर्ची, टेबलदिवा या वस्तू प्रत्येक महाविद्यालयाच्या आसपासच्या बाजारात मिळतात आणि गादीसह घाट चढण्यात काहीही शहाणपण नाही. घरून नेण्याच्या वस्तू त्या, ज्या तेथे मिळत नाहीत किंवा पहिल्याच रात्री लागतात: दोन चादरी, एक पांघरूण, मच्छरदाणी, दोन कुलपे, चार दिवसांचे कपडे, छत्री, टॉर्च, नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि विद्युत जोडाची तार. या वस्तू एका बॅगेत वेगळ्या भराव्यात, म्हणजे दुसरी बॅग उशिरा पोहोचली तरी पहिली रात्र निभते. खाण्याच्या वस्तूंबाबत आईवडिलांचा हात सढळ असतो आणि त्यात गैर काही नाही, पण ऑगस्टच्या दमट हवेत काय टिकते याचा विचार हवा. भाजलेले काजू, फणसाचे साठ, आमसुले, कुळथाचे पीठ आणि कोरडी चटणी महिनाभर राहते. ओल्या खोबऱ्याचा पदार्थ दुसऱ्या दिवशी आंबतो. आणि सुके बांगडे कितीही प्रिय असले, तरी दोन अनोळखी सोबत्यांबरोबरच्या बंद खोलीत पहिल्याच आठवड्यात ते उघडू नयेत. उरलेले सामान खोलीचा क्रमांक कळल्यानंतर टपालाच्या पार्सलने पाठवता येते, आणि ही पद्धत ओझे वाहण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते.

प्रत्यक्ष दिवशी कामांचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी कागद, मग वसतिगृह, मग खरेदी, असा तो असावा, कारण पडताळणीची रांग दुपारनंतर वाढते आणि खोलीचा ताबा बहुधा पडताळणीची पावती दाखवल्यावरच मिळतो. बरोबर दोन मोठी माणसे असतील, तर एकाने सामानाजवळ थांबावे आणि एकाने विद्यार्थ्याबरोबर रांगेत उभे राहावे. टेबलावर उत्तरे मात्र विद्यार्थ्यानेच द्यावीत. ताबा घेताना खोलीतील खाट, कपाट, पंखा, खिडकीची काच यांची स्थिती वसतिगृहाच्या नोंदवहीत लिहून घ्यावी आणि छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे वर्षअखेरीस अनामत रकमेतून भलतीच कपात होत नाही. विद्यार्थी १८ वर्षांखालील असेल, तर पालकांचे संमतिपत्र लागते, आणि अशा विद्यार्थ्याला एकट्याला लॉजवर खोली मिळणे अवघड असते, ही गोष्ट मुलाला एकटे पाठवण्याचा विचार करणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावी.

रॅगिंगविषयी घरोघरी धास्ती असते आणि ती निराधार नाही. हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात मार्च २००९ मध्ये अमन काचरू या विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच वर्षी रॅगिंगविरोधी विनियम लागू केले. त्यानुसार विद्यार्थी आणि पालक या दोघांनी प्रवेशाच्या वेळी हमीपत्र द्यायचे असते आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची राहण्याची सोय शक्यतो वेगळ्या इमारतीत करायची असते. तशी सोय आहे का, अधीक्षक रात्री आवारात राहतात का, हे पालकांनी त्याच दिवशी विचारावे. देशभर चालणाऱ्या मदतवाहिनीचा १८००-१८०-५५२२ हा विनाशुल्क क्रमांक मुलाच्या फोनमध्ये घालून द्यावा.

वसतिगृहात जागा न मिळाल्यास दिवसाचे सारे गणित बदलते. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ या भागांत ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे खोलीऐवजी एका खाटेच्या भाड्याने, राहण्याची पद्धत जुनी आहे आणि मेसचा डबा वेगळा लावावा लागतो. अशी जागा दूरध्वनीवर ठरवून आगाऊ पैसे पाठवू नयेत; दोन-तीन दिवस आधी जाऊन पाणी किती वेळ येते, संडास किती जणांत एक आहे आणि रात्री दार किती वाजता बंद होते, हे पाहूनच ठरवावे. मुलींच्या बाबतीत महाविद्यालयापासून जागेपर्यंतचा रस्ता सायंकाळी सातनंतर एकदा स्वतः चालून पाहावा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे हे घरमालकाचे काम असले, तरी ते झाले की नाही हे विचारण्यात संकोच नको.

निघण्याच्या गडबडीत परतीचा विचार राहून जातो. गोव्यात गणेशचतुर्थी, म्हणजेच चवथ, हा घरी परतण्याचा सण. महाविद्यालय सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांतच तो येतो आणि २०२५ मध्ये तर तो २७ ऑगस्टलाच आला. उत्तरेकडील संस्थांत त्यासाठी जेमतेम एका दिवसाची सुटी असते आणि मुंबई-पुण्याकडून कोकणात येणाऱ्या गाड्या त्या काळात ओसंडून वाहतात. म्हणून जाण्याचे तिकीट काढताना चवथीच्या परतीचे तिकीट काढता येते का हे त्याच वेळी पाहावे, आणि जमणार नसेल तर मुलाला तसे आधीच स्पष्ट सांगावे. पहिली चवथ घराबाहेर काढणे जड जाते. पण शेवटच्या क्षणापर्यंत आशेवर ठेवण्यापेक्षा ते बरे.

याच दिवसांत उलट दिशेनेही कुटुंबे येत असतात. फर्मागुढी येथे २०१६ पासून असलेली आयआयटी, कुंकळ्ळीतील एनआयटी, झुआरीनगरमधील बिट्स पिलानीचा २००४ पासूनचा परिसर आणि पेडण्यातील धारगळ येथे ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झालेली अखिल भारतीय आयुर्वेद संस्था यांमुळे बिहार, केरळ किंवा राजस्थानातील पालक मुसळधार पावसात थिवीच्या फलाटावर ट्रंका घेऊन उतरतात, आणि त्यांनाही भाड्याची गाडी, एका रात्रीची जागा आणि अडलेला एखादा कागद यांचीच चिंता असते. त्यांना रास्त भाडे सांगणारा गाडीवाला, हा या भूमीचा त्यांना होणारा पहिला परिचय असतो.

संस्थांनी करण्याजोगी दोन कामे आहेत आणि दोन्ही बिनखर्चाची आहेत. हजर होण्याची तारीख किमान पंधरा दिवस आधी जाहीर करावी, आणि पूर, दरड किंवा रद्द झालेली गाडी यांमुळे उशीर होणाऱ्यांना कोणाला कळवायचे व किती सवलत मिळेल हे त्याच पत्रकात लिहावे. गावांनी करण्याजोगे कामही मोठे नाही. लाटंबार्सेतून किंवा डिचोली, पेडणे, दोडामार्ग या तालुक्यांतील कोणत्याही गावातून बाहेर शिकायला गेलेल्यांची शहरवार व महाविद्यालयवार नोंदवही, त्यांच्या संमतीने, पंचायतीत, शाळेत किंवा वाचनालयात ठेवली, तर बोर्डिंगच्या दारातला माणूस जे काम करी त्याचा बराचसा भाग ती करील: कोणत्या टेबलावर कोणता कागद मागतात, कोणत्या गल्लीत राहू नये, स्थानकावर घ्यायला कोण येईल, हे सांगणारा आपल्याच गावचा एक आवाज नव्या विद्यार्थ्याला फोनवर मिळेल. प्रवेशफेऱ्या सुरू होण्याआधी, एप्रिलमध्येच, ही वही उघडावी आणि गतवर्षी गेलेल्या मुलामुलींनी तिच्यात पहिली नावे लिहावीत.